मिशन सुटलें, ख्रिस्त सुटला नाहीं

चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मूल हें गांव लागतें. भोंवतीं धानाचीं बांधलेलीं शेतें, मालगुजारांच्या वेळचे जुने तलाव, आणि त्यांच्या पलीकडे साग-मोहाचें रान. गोंदियाहून चांदा-फोर्टकडे येणारी आगगाडी येथल्या ‘मूल मारोडा’ स्थानकावर थांबते. हा मुलूख पूर्वीं गोंड राजांचा. अशा ठिकाणीं बसून ख्रिस्ती धर्मसंस्थेविषयीं कोणी लिहावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. परंतु ज्या एका भांडणाची हकीकत आज सांगावयाची आहे, त्या भांडणाचा एक पक्ष याच जिल्ह्यांत वाढलेला होता, आणि दुसरा पक्ष ज्या लोकांसाठीं आपली पाद्रीपणाची वस्त्रें उतरवून बसला, ते लोक येथल्याच रानांतील गोंडांचे भाऊबंद होते.

इंग्रजी अमदानींत चांदा येथें स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचें मिशन होतें. अलेक्झांडर वूड नांवाच्या पाद्र्यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें त्या मिशनाच्या कामांत घालविलीं, आणि १९०६ सालीं चांद्याच्या मिशनाची हकीकत सांगणारें एक पुस्तकही लिहिलें. पुढें ते छोटा नागपूरचे बिशप झाले, व १९२६ पासून १९३६ पर्यंत नागपूरच्या बिशपपदावर होते. बिशपाच्या परवान्यावांचून त्याच्या हद्दींत कोणाही अँग्लिकन पाद्र्यास प्रभुभोजनाचा विधि चालवितां येत नाहीं, किंवा व्यासपीठावरून उपदेश करतां येत नाहीं. आपल्याकडे एखाद्या विद्वानास पीठाची मान्यता नसली तरी त्याचें पुराण ऐकावयास लोक जमतात. तेथें तसें नसतें. परवाना गेला म्हणजे पाद्र्याचा हात बांधला गेला.

या बिशपांकडे १९३२ च्या सुमारास व्हेरिअर एल्विन या तरुण इंग्रज पाद्र्याचें प्रकरण आलें. एल्विन यांचा जन्म १९०२ सालचा. वडील सिएरा लिओनचे बिशप होते, ते मुलाच्या लहानपणींच वारले. आई अत्यंत भाविक. ऑक्सफर्डची उत्तम पदवी मिळवून एल्विन १९२७ च्या अखेरीस पुण्यास ख्रिस्त सेवा संघांत दाखल झाले. तेथें खादी नेसावी, जमिनीवर बसून जेवावें, ध्यान करावें, असा क्रम होता. थोड्याच दिवसांत साबरमतीस गांधीजींची भेट झाली, आणि हा मिशनरी मनानें सत्याग्रहाच्या बाजूचा झाला. १९३१ सालीं त्यांनीं संघ सोडला. १९३२ च्या जानेवारींत मुंबईस मणिभवनांत गांधीजींना अटक झाली, त्या रात्रीं एल्विन तेथेंच होते. त्याच महिन्याच्या अखेरीस, जमनालाल बजाज यांच्या सल्ल्यानें, ते मंडला जिल्ह्यांतील करंजिया या गोंडांच्या खेड्यांत जाऊन राहिले. बरोबर शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती घरांतील तरुण होता. संघांत दोघांची ओळख झाली होती. या जोडीपैकीं इंग्रजाचें नांव जगभर झालें, आणि आपल्याच मराठी माणसाची ओळख आपल्याला नाहीं. हें आपल्या नेहमींच्या रीतीस धरूनच झालें.

करंजिया नागपूरच्या बिशपांच्या हद्दींत. एल्विन यांनीं परवाना मागितला. बिशप वूड यांनीं राजनिष्ठेची शपथ घ्यावयास सांगितलें. गांधीजींच्या पक्षाचा एल्विन ती घेईना. दुसरा वाद याहूनही खोल होता. गोंडांमध्यें राहावें, त्यांच्या मुलांना शिकवावें, रोग्यांना औषध द्यावें, परंतु त्यांचा धर्म पालटण्याचा प्रयत्न करूं नये, असें एल्विन यांचें मत झालें होतें. बिशपांना हें कसें पटावें? ज्या माणसानें आपलें तारुण्य चांद्याच्या उन्हाळ्यांत खर्च केलें, तें ज्या एका आज्ञेसाठीं केलें, तीच आज्ञा हा पोरगा बाजूस ठेवीत होता. परवाना मिळाला नाहीं.

बहुतेक लेखक या ठिकाणीं बिशपांना दूषण देऊन मोकळे होतात. मला तसें करवत नाहीं. संस्था चालविणारास नियम सोडून चालत नाहीं, हें एकत्र कुटुंब चालविलेल्या कोणाही गृहस्थास सांगावयास नको. घरांतल्या एका मुलानें देवघरांत पाय न टाकण्याचें ठरविलें, तर तो मुलगा कितीही गुणी असो, कर्त्या पुरुषापुढें प्रश्न उभा राहतोच. बिशप वूड यांनीं जें केलें तें त्यांच्या दृष्टीनें कर्तव्य होतें. मात्र एक गोष्ट विसरतां येत नाहीं: ख्रिस्ताच्या सेवेचा परवाना आणि बादशहाच्या निष्ठेची शपथ यांची गांठ कोणी बांधली? ती ख्रिस्तानें खास बांधली नव्हती.

एल्विन कांहीं वर्षें परवान्यावांचून राहिले. पुष्कळ मनस्ताप झाला, आईला तर फारच दुःख झालें. आणि १९३५ सालीं त्यांनीं चर्चचें सभासदत्वच सोडलें. त्या वेळीं ते हिंदु झाले अशी बोलवा आमच्या लोकांत उठली, व आजही ती कोठें कोठें छापलेली आढळते. आपल्यांतील पुष्कळांना ही बोलवा गोड वाटली असेल. एका पंथांतून बाहेर पडलेला मनुष्य दुसऱ्या पंथाच्या दारांत गेलाच पाहिजे, असें आपण धरूनच चालतों. दोहोंच्या मध्यें मोकळें आंगण असूं शकतें, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

त्या आंगणांत एल्विन यांच्या अगोदर एक मराठी मनुष्य जाऊन बसला होता. त्याची हकीकत अधिक जवळची, आणि माझ्या मतें अधिक मोलाची आहे. एल्विन ज्या ख्रिस्त सेवा संघांत आले, तो जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्यांनीं १९२२ सालीं स्थापिला. हे विन्स्लो नगर जिल्ह्यांत काम करीत असतां रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या सहवासांत आले होते, आणि टिळकांचें पहिलें इंग्रजी चरित्र १९२३ सालीं त्यांनींच लिहिलें. पुण्याच्या त्या आश्रमांतील खादी, मराठी भजन, जमिनीवरची पंगत यांचा उगम शोधूं गेलें तर तो टिळकांपाशीं पोहोंचतो.

टिळक करजगांवचे चित्पावन. विदर्भाशीं त्यांचा संबंध पुष्कळांस ठाऊक नसतो. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास ते राहिले, तेथें संस्कृत ग्रंथांचें काम केलें, ‘ऋषि’ नांवाचें मासिक चालविलें. एक नवा, सर्वांना सामावून घेणारा धर्म आपणच काढावा असें त्यांच्या मनांत घोळत होतें. १८९३ सालीं नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. बोलतां बोलतां त्यानें नव्या कराराची प्रत हातांत ठेवली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थाचें नांव त्यांना कधींच कळलें नाहीं.

पुढचें सर्व लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रें’मुळें घराघरांतून ठाऊक आहे. नवरा बाटला म्हणून ती बाई माहेरच्या माणसांच्या आसऱ्यास गेली. पांचेक वर्षें ताटातूट. मग एकत्र आल्या तरी सोंवळें व पाणी निराळें. आणि शेवटीं १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा. हा भाग वाचून ज्यांच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं असें वाचक थोडे असतील. पण टिळकांनीं दुसऱ्यांदा घर सोडलें, त्याकडे आमचें लक्ष तितकेंसें जात नाहीं. पहिल्या वेळीं त्यांनीं आम्हांला सोडलें म्हणून तें आम्हांला लागलें. दुसऱ्या वेळीं त्यांनीं मिशन सोडलें. आमचें काय गेलें?

तें साल १९१७. अमेरिकन मराठी मिशनाच्या आश्रयास टिळक वीसांवर वर्षें नगरास होते. १९०४ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. मान होता, पगार होता, मुलाबाळांचा संसार होता. हें सर्व असतां मनांत एक सल होता. परदेशांतून येणाऱ्या पैशावर येथला उपदेशक पोसला जातो. पैसा देणारा धनी होतो, घेणारा नोकर होतो. आणि नोकराच्या तोंडून आलेला देव लोकांना खरा वाटत नाहीं. मिशनऱ्यांनीं आमचे भाऊ व्हावें, साहेब होऊं नये, असें ते उघड म्हणत. शेवटीं वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर त्यांनीं पगार सोडला, संन्यस्त वृत्ति पत्करली, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ नांवाची बंधुमंडळी सुरू केली.

या दरबाराचा एक नियम त्या काळीं दोन्ही बाजूंस धक्का देणारा होता. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोघांनाही त्यांत जागा होती. ख्रिस्तावर प्रेम असलें म्हणजे पुरे. मंडळीच्या वहींत नांव आहे कीं नाहीं हें कोणी विचारावयाचें नाहीं. मिशनच्या लोकांस वाटलें कीं टिळक दार मोडून टाकीत आहेत. हिंदु लोकांस वाटलें कीं हा नवीन सांपळा आहे. ज्या दाराविषयीं घरांतलेही कुरकुरतात व बाहेरचेही संशय घेतात, तें दार बहुधा खरोखरच उघडें असतें असें मला वाटतें. पण या मताबद्दल आग्रह नाहीं.

आणि लक्ष्मीबाई? ज्या बाईनें एकदां नवऱ्याच्या धर्मांतरापायीं सर्व गमावलें, सोंवळें सोडतांना मनाशीं वर्षानुवर्षें झगडा केला, नव्या मंडळींत कसाबसा जम बसविला, तिला आतां पुन्हां सांगण्यांत आलें कीं महिन्याचा पगार येणार नाहीं. पुरुषांच्या चरित्रांत अशा क्षणास त्याग म्हणतात. स्वयंपाकघरांत त्यालाच, उद्यांचे तांदूळ कोठून आणावयाचे, असें म्हणतात. श्रद्धेसाठीं संस्था सोडणारा मनुष्य एकटा सुटत नाहीं. त्याच्यामागें पदर धरून इतर माणसें ओढलीं जातात, आणि त्यांचें मत बहुधा कोणी विचारलेलें नसतें. टिळकांविषयीं मला अपार आदर आहे, तरी हें लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

दरबार फार दिवस चालला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले, आणि बैठक मोडली. व्यवहारी मनुष्य म्हणेल, दोन वर्षांचा खेळ. पण टिळकांचीं शेंकडों पदें आज प्रत्येक मराठी मंडळीच्या उपासनासंगीतांत आहेत. ज्या संस्थेच्या बाहेर ते जाऊन बसले, ती संस्था दर रविवारीं त्यांच्याच शब्दांनीं देवाची आळवणी करते. अभंग आणि ओवी हीं साधनें त्यांना कोणत्याही मिशनानें दिलेलीं नव्हतीं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. या सांगण्याचा अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळीं जेवढा समजला, त्यापेक्षां तो १९१७ सालीं अधिक उघड झाला. ज्याला वारकऱ्यांची परंपरा ठाऊक आहे, त्याला देऊळ, बडवे आणि विठोबा या तीन निराळ्या वस्तू आहेत हें लहानपणापासून ठाऊक असतें. चोखोबा देवळाच्या बाहेर उभे राहिले, आणि विठोबा त्यांच्यापासून दुरावला नाहीं. टिळकांना मिशनाच्या बाहेर पडतांना पाय ठेवावयास भुई होती, ती ही.

पंडिता रमाबाईंचा दाखला येथें थोडक्यांत देतों. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा झाला, आणि लगेच भांडणास सुरुवात झाली. क्रुसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत, असा त्यांचा प्रश्न. अंडें घातलेला पदार्थ त्या खाईनात, तर त्यांच्या गुरुभगिनी जेरल्डिन यांना त्यांत जातीचा ताठा दिसूं लागला. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातीं मान द्यावयाची नव्हती. चर्चमधील वरिष्ठांच्या आज्ञेवर त्यांनीं आपली सद्‌सद्विवेकबुद्धि कधींच गहाण टाकली नाहीं. त्यांची व जेरल्डिन यांची पत्रें १९७७ सालीं महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलीं आहेत. इंग्रजी जाणणाऱ्या लेकीसुनांनीं तीं अवश्य वाचावींत. केडगांवचें मुक्तिसदन रमाबाईंनीं कोणत्याही एका पंथास बांधलें नाहीं.

आतां पुन्हां मंडल्याच्या डोंगरांत जाऊं, कारण एल्विन यांचें पुढें काय झालें हें सांगितल्यावांचून हकीकत खरी होणार नाहीं. टिळक व रमाबाई संस्थेपासून दूर झाल्या तरी ख्रिस्त त्यांच्या मुखांत व कामांत शेवटपर्यंत राहिला. एल्विन यांचें तसें झालें नाहीं. १९३० सालीं ज्यानें मौन प्रार्थनेवर पुस्तक लिहिलें, १९३३ सालीं संत फ्रान्सिसवर लिहिलें, त्याच्या लेखणींतून पुढें मुरिया गोंडांचें घोटुल, बैगा लोकांची शेती, बस्तरच्या मारियांमधील खून आणि आत्महत्या हेच विषय उतरले. विधि गेला, मग हळूहळू प्रार्थनाही विरळ झाली. परक्या भाषेंत, परक्या रानांत, ज्याच्या मागें वारीही नाहीं व मंडळीही नाहीं, अशा एकट्या माणसाची श्रद्धा किती काळ ओलावा धरणार? जी राहिली ती माणसांवरच्या प्रेमाच्या रूपानें राहिली. तेंही नेहमीं निर्मळ राहिलें असें नाहीं. १९४० सालीं त्यांनीं एका गोंड तरुणीशीं विवाह केला, १९४९ सालीं घटस्फोट झाला, आणि त्या बाईचे पुढील दिवस हलाखींत गेले. ज्यांनीं गोंडांना न्याय मिळावा म्हणून जन्मभर लेखणी झिजविली, त्यांच्या हातून घरांतल्या गोंड स्त्रीस न्याय मिळाला नाहीं.

१९५४ सालीं एल्विन हिंदी नागरिक झाले व ईशान्येच्या सरहद्दीवरील प्रदेशांत सरकारचे सल्लागार म्हणून गेले. तेथें बौद्ध विचाराकडे त्यांचा ओढा वाढला. १९६४ च्या फेब्रुवारींत ते दिल्लीस वारले. शिलाँगला बौद्ध पद्धतीनें त्यांचें दहन झालें. बिशपाचा मुलगा, पुण्याच्या आश्रमांतला ख्रिस्ती साधु, आणि शेवटीं लामांचे मंत्र. या प्रवासास अधःपात म्हणणारे आहेत, उन्नति म्हणणारेही आहेत. रशियांत टॉलस्टॉयला १९०१ सालीं तेथल्या धर्मसभेनें बहिष्कृत केलें तेव्हांही असेच दोन तट पडले होते. एवढें मात्र दिसतें कीं संस्था सोडतांना मनुष्य बरोबर काय घेऊन निघतो, यावर पुढची वाट अवलंबून असते. टिळकांच्या झोळींत अभंग होता; एल्विन यांच्या झोळींत संतांचे ग्रंथ होते. ग्रंथ वाचून संपतात. अभंग दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हां म्हणावा लागतो.

आमच्या वाचकांच्या घरीं हा प्रश्न ख्रिस्ती वेषानें येत नाहीं, पण येतो. मुंज झालेला, परदेशांत शिकून आलेला मुलगा संध्या करीत नाहीं, श्राद्धास पानावर बसत नाहीं. आणि वडील मंडळी म्हणतात, याची श्रद्धा गेली. कोणी त्याला एकांतांत पाहिलेलें नसतें. उलट, सर्व विधि बिनचूक करणाऱ्याच्या मनांत काय चाललें आहे, हेंही कोणी पाहत नाहीं. नागपूरच्या बिशपांना एल्विनचें वागणें दिसलें, मन दिसलें नाहीं. नगरच्या मिशनाला टिळकांचा राजीनामा दिसला. घरांतल्या माणसाविषयीं निवाडा करतांना आपल्याही हातीं याहून अधिक पुरावा क्वचितच असतो.

टिळकांचें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. १९०९ सालीं आरंभिलेलें हें ओवीबद्ध काव्य पहिल्या कांहीं अध्यायांवर थांबलें होतें. लक्ष्मीबाई शाळेंत कधीं गेल्या नव्हत्या. अक्षरें त्या लग्नानंतर नवऱ्यापाशीं शिकल्या. नवऱ्याच्या मागें त्यांनीं तें काव्य हातीं घेतलें, आणि साठांवर अध्याय लिहिले. १९३६ सालीं त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यानें लिहिला, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला.

शामराव हिवाळे मात्र मंडल्याच्या डोंगरांतून हलले नाहींत. एल्विन आसामकडे गेले तरी ते तेथेंच गोंडांत राहिले. मित्राचें चरित्र त्यांनीं १९४६ सालींच इंग्रजींत लिहून ठेवलें होतें. स्वतःच्या श्रद्धेविषयीं त्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं.